दह्यावरची साय

सोहेरने वाडगा धुवायला घेतला आणि तिथेच तिला शंका आली. साय काढलेल्या दह्याचा वाडगा गार पाण्यानेही निघतो. हा दोनदा विसळला तरी बोटं आपली तुपकटच. एरवी धाकट्या दिराचा, रिफअतचा वाडगा सासूबाई कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. आज त्या गोठ्यात होत्या, आणि रिफअतने तो सरळ सोहेरच्या पुढ्यात आणून ठेवला होता.

तिचा नवरा शौकी आतल्या खोलीत हळदीसारखा पिवळा होऊन पडला होता. यकृत पार गेलेलं. धाकट्या भावाच्या यकृताचा तुकडा बसवला तरच वाचायचा. आणि या धाकट्याच्या यकृतावर चरबी! असलं यकृत डॉक्टर घेईनात. मायक्रोबस चालवायची आणि जिथे थांबेल तिथे हादडायचं, दुसरं काय होणार? मन्सुरा शहरातल्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं, "बिनसायीचं दही, काकडी, थोडी भाजी. बाकी सगळं बंद. महिनाअखेरीस पुन्हा तपासू. तेव्हाही चरबी दिसली, तर आणखी थांबायला शौकीकडे वेळ नाही."

तेव्हापासून रिफअत दह्यावर होता. स्टँडवरचे ड्रायव्हर त्याला 'पाळण्यातलं बाळ' म्हणायचे. तो हसायचा आणि घरी येऊन वाडगा चाटूनपुसून खायचा. तरी पँटचं बटण काही लागत नव्हतं.

चाटूनपुसून! सोहेरच्या डोक्यात आत्ता उजेड पडला. ते आंबट, पाणचट दही कोण मेलं असं चाटून खातं?

ती कोपऱ्यातल्या सायीच्या मडक्याकडे धावली. सासूबाई रोज म्हशीच्या दुधाचं दही लावायच्या आणि वरची साय काढून तुपासाठी त्यात साठवायच्या. एव्हाना मडकं गळ्यापर्यंत भरायला हवं होतं. झाकण काढलं तर तळ दिसत होता.

"आई!" सासूबाई मागच्या दाराने संध्याकाळचं दही घेऊन आत येतच होत्या. "साय कुठे जाते रोज?"

"मेलं ते मांजर..."

"मांजराचं नाव घेऊ नका. तुमचं मांजर बाहेर मायक्रोबस धुतंय!"

सासूबाईंनी दह्याचं भांडं ओट्यावर ठेवलं. नाकारायचं त्राणही त्यांच्यात उरलं नव्हतं.

"सगळं गाव मला शौकीची आई म्हणतं," त्या म्हणाल्या. "थोरल्याच्या नावाने हाक मारायची रीत आहे, मारोत बापडे. पण म्हणून रिफअतला काय शेजारणीने जन्म दिलाय? एक अंथरुणाला खिळलाय. धडधाकट आहे त्यालाही मीच कापायला तयार करून देऊ? चमचा घेते गं हातात. साय काढायला जाते आणि हात पुढे जात नाही. मग तशीच कालवून टाकते."

"म्हणजे शौकी मेला तरी चालेल!" सोहेर ओरडली आणि तिने झटकन तोंडावर हात दाबला. आतून खोकल्याची उबळ ऐकू आली.

"असं बोलू नकोस गं," म्हणत सासूबाई भिंतीला टेकून रडायला लागल्या. सोहेरला त्यांची जराही दया आली नाही. हिच्या मायेपायी माझी पोरं बापाविना वाढणार, एवढंच तिला दिसत होतं.

तेवढ्यात रिफअत ओले हात पुसत दारात आला.

"ऐकलंस का?" सोहेर त्याच्यावर फिरली. "तुझी आई तुला सायीचं दही घालतेय!"

"माहीत आहे, वहिनी."

"काय?"

"पहिल्या घासालाच कळलं. जिभेला काय कुलूप आहे माझ्या?"

"आणि तरी गिळत राहिलास? लाज नाही वाटली?"

"वाटते ना. पण भीती जास्त वाटते." तो खाली बघून बोलत होता. "वल्लाह, शौकीच्या तोंडावर 'नाही' म्हणवत नाही. म्हटलं, डॉक्टरच नाही म्हणतील, आपण सुटलो. मग त्याचा खोकला ऐकू येतो आणि वाटतं, कुणीतरी हा वाडगा ओढून घ्यावा आपल्या हातातून. म्हणून आज तुझ्यापुढे आणून ठेवला."

सोहेरला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि जवळही घ्यावंसं वाटलं. दोन्हीतलं काहीच जमलं नाही.

रिफअतने ओट्यावरचं दही तिच्यासमोर सरकवलं आणि तिच्या हातात चमचा दिला. "आईच्या हाताने निघत नाही. माझ्याही नाही. तू काढ. देशील ते खाईन आणि जिथे नेशील तिथे येईन."

झालं! मघापासूनचा सगळा राग कुठल्या कुठे गेला. दह्यावर पिवळसर, जाड साय धरली होती. ही काढली की रिफअतला ऑपरेशनच्या टेबलावर आपणच झोपवलं. त्याला काही झालं, तर सासूबाई जन्मभर याच हाताकडे बघणार. तो मान खाली घालून उभा होता. सोहेरने चमचा भांड्याच्या काठाशी टेकवला आणि तिथेच धरून ठेवला.

"सोहेर," आतून शौकीचा क्षीण आवाज आला, "पाणी दे गं जरा."

"आले," ती म्हणाली. आणि तिने काठापासून काठापर्यंत सगळी साय ताटलीत काढली.

रिफअत ते दही वाडग्यात घेऊन उभ्या उभ्याच खाऊ लागला. पहिल्याच घासाला त्याचं तोंड वेडंवाकडं झालं, पण तो थांबला नाही. सोहेर पाणी घेऊन आत गेली.

ती परत आली तेव्हा वाडगा रिकामा होता. साय ताटलीत तशीच पडली होती. सासूबाईंनी ती मडक्यात घातली नव्हती, आणि सोहेरलाही ती उचलवेना.