पाचवा पडसाद

छोट्या मित्रांनो, मी एक जुना पितळी कर्णा आहे. सध्या मी दाराशेजारच्या खिळ्याला लटकलेला असतो आणि घरातल्या बाई माझ्या तोंडात ओली छत्री उभी करून ठेवतात. मी तक्रार करत नाही. पण एके काळी एक अख्खा डोंगर माझ्याशी बोलत असे, हे मला तुम्हाला सांगायलाच हवं. तुम्ही याला बढाई म्हणाल. थोडी आहेच, पण खोटी नाही.

मला एका तांबटाने घडवलं. एकाच पत्र्यातून त्याने दोन कर्णे काढले, मी आणि माझा जुळा भाऊ. डोंगरातल्या एका मोठ्या हॉटेलच्या मालकाने आम्हाला मागवलं होतं, एक वाजवायला आणि एक हाताशी असावा म्हणून. तांबट आम्हाला दिवसभर ठोकत असे. मी रडलो नाही, कारण कर्ण्याला रडायचं म्हटलं तरी आधी कुणीतरी फुंकावं लागतं. आम्ही दोघे गवतात गुंडाळून एकाच पेटीतून वर गेलो. वर गेल्यावर मला बाहेर काढलं आणि भावाला पेटीतच ठेवलं. मीच का आणि तो का नाही, ते मला कधी कळलं नाही.

ती दरी पाहण्यासारखी होती, मित्रांनो. हंगाम सुरू झाला की वळणावळणाच्या रस्त्याने पाहुण्यांच्या गाड्या येत. सकाळी तलावात नावेची फेरी असे. मग घोड्यावरून धबधब्यापर्यंत जायचं, तिथे भिजायचं आणि कपडे ओले झाले म्हणून घोडेवाल्यावर रागवायचं. झुलत्या पुलावर उभं राहून ओरडायचं. बागेत कुंपणाच्या झाडांचा भुलभुलैया होता, त्यात नवरे मंडळी मुद्दाम हरवत. आणि उन्हं कलायला लागली की सगळे आमच्या हॉटेलसमोरच्या कठड्यावर जमत. समोर तलाव, तलावापलीकडे उभा काळा कडा, आणि कठड्याजवळ रंगवलेला फलक: ‘येथे पाच पडसाद ऐकू येतात.’

मला वाजवणाऱ्या माणसाला सगळे भाता म्हणत. छातीच तशी होती त्याची. तो मला उचले, डोळे मिटे, आणि एकच लांब सूर सोडे. मग पाहुणे बोटं मोजत. पहिला पडसाद भरदार, कड्याच्या पोटातून आलेला. दुसरा आणि तिसरा कड्याच्या वरच्या भागातून, जिथे एक मोठी शिळा पुढे झुकलेली होती. चौथा त्याच शिळेच्या मागून. आणि पाचवा इतका बारीक, की तो ऐकण्यासाठी लोक श्वास रोखून धरत. पाचवा आला की टाळ्या पडत. टाळ्या भात्याला मिळत, पण उत्तर मला मिळत असे.

एक गोष्ट माणसांना कळत नाही. आवाज जातो तसाच परत येत नाही. तो जिथे आपटतो तिथली खबर घेऊन येतो. दगड ओला आहे का कोरडा, भक्कम आहे का पोकळ, हे मला दरवेळी कळत असे. किती वर्षं तो डोंगर मला एकच खबर देत राहिला: मी आहे, मी आहे. मला त्याची सवय झाली होती.

मग एक पावसाळा लांबला. पाऊस संपून हंगाम सुरू झाला, त्याच्या पहिल्याच दिवशी भात्याने मला फुंकलं आणि चारच पडसाद आले. पाहुणे पाचवं बोट उभं करून वाट पाहत राहिले. भात्याने पुन्हा फुंकलं. पुन्हा चार. कुणीतरी हसलं.

दोष अर्थातच माझ्यावर आला. मालकाने मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि नाक मुरडलं. “कर्णा गेलाय कामातून. दुसरा काढ.” माझ्या भावाला पेटीतून काढलं. तो अजून नव्या नवरदेवासारखा चकचकीत होता. त्यालाही चारच उत्तरं मिळाली. मला वाईट वाटलं आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

पण खरं कारण मला कळलं होतं. माझ्या आवाजाचा शेवटचा भाग आता कड्यावर आपटत नव्हता. तो त्या झुकलेल्या शिळेमागे एका फटीत शिरत होता आणि तिथेच राहत होता. ती फट आधी नव्हती. मला ते ओरडून सांगायचं होतं, पण कर्ण्याला स्वतःचे शब्द नसतात.

मालक म्हणाला, “फलकावर पाच लिहिलंय. लोक पाच ऐकायला येतात. मला पाच पाहिजेत. कसे, ते तू बघ.”

भाता मला घोंगडीत गुंडाळून घरी नेत असे, म्हणून घरातलं बोलणंही माझ्या कानावर पडे. घर म्हणजे हॉटेलच्या मागची नोकरांची एक खोली. त्याची बायको हॉटेलच्या धुण्याच्या विभागात चादरी धूत असे. तिचे हात कायम सुरकुतलेले आणि जीभ कायम तरतरीत.

“अहो, तोंड असं काय पाडून बसलात? डोंगर रुसला का?”

“रुसलाच आहे. पाचवा देत नाही.”

“मग मी देते की. समोर जाते, लपून बसते आणि देते फुंकून. दुसरा कर्णा पडूनच आहे ना?”

भाता आधी हसला, मग तिच्याकडे बघतच राहिला. “अगं, घरात शेवटचा शब्द तुझाच असतो. आता दरीतही तुझाच?”

“असू दे की. इथे कुणी टाळ्या वाजवत नाही, तिथे तरी वाजवतील.”

दोघं पोट धरून हसली. तिला वाजवायला शिकवताना तर खोली डोक्यावर घेतली त्यांनी. तो हसण्याचा आवाज मला अजून आठवतो, आणि आठवला की गार वाटतं.

त्यांची तऱ्हा अशी होती. दुपारी नावाडी तिला पलीकडे सोडे आणि नाव घेऊन पायथ्याशी थांबे. कड्याच्या पायथ्यापासून थोडं वर, त्या झुकलेल्या शिळेच्या बरोबर खाली, एक कपार होती. माणूस बसला तर कठड्यावरून दिसत नसे. तिथे ती माझ्या भावाला घेऊन बसे. आवाज लांबून आल्यासारखा वाटावा म्हणून त्याच्या तोंडात जुन्या शालीचा बोळा कोंबे. माझा सूर ऐकला की मनात ठरलेले श्वास मोजायचे आणि हळूच फुंकायचं. खरे पडसाद तिला कपारीत नीट कळत नसत, म्हणून सगळं श्वासांच्या हिशोबावर. पहिल्याच दिवशी साधलं. टाळ्या पडल्या. मालकाने भात्याच्या पाठीवर थाप मारली.

मला मात्र भावाचा आवाज ऐकून रडू आलं. डोंगर गप्प झाला होता आणि त्याच्या जागी माझाच भाऊ, तोंडात बोळा घालून, ‘मी आहे’ म्हणत होता.

पुढच्या हंगामात चौथाही गेला. फट वाढली होती. भात्याने काय केलं असेल? घरी येऊन सांगितलं, “आता दोनदा वाजवावं लागेल.” ती म्हणाली, “मग दोन टाळ्या माझ्या.” चौथ्यासाठी एक बोळा, पाचव्यासाठी दोन. एवढंच बदललं.

हळूहळू ती घरी येऊन वेगळंच काही सांगू लागली. हसतहसतच सांगे. “आज तुमच्या डोंगराने घसा खाकरला.” कधी म्हणे, “वरून बारीक वाळू पडते हो, केसांतून निघता निघत नाही.” एकदा भाकरी थापता थापता ती थांबली. “पाकोळ्या आल्या नाहीत यंदा. दरवर्षी त्या कड्यात घरटी असायची. एक नाही बघा.”

भाता तेव्हा माझ्यावर राख घासत होता. त्याचा हात थांबला. “उद्यापासून जाऊ नकोस.”

“आणि मालकाला काय सांगाल?”

 दुसऱ्या दिवशी भाता मालकाकडे गेला आणि बायकोला कड्याखाली बसवणं थांबवू या म्हणाला. मालक म्हणाला, “ही सुट्टीची गर्दी जाऊ दे, मग बघू.” भात्याने मान हलवली. मित्रांनो, मला त्या माणसाचा राग येतो आणि मायाही वाटते. त्याला कळलं होतं. पण कळलेलं अंगावर घेण्याऐवजी त्याने ते सुट्टीपर्यंत पुढे ढकललं.

सुट्टीचा दिवस उजाडला तो ढगाळ. वारा अजिबात नव्हता. कठड्यावर पाय ठेवायला जागा नव्हती, पोरं बापांच्या खांद्यावर बसली होती. मालक स्वतः हजर होता. भात्याने मला ओठांना लावलं आणि फुंकलं.

पहिला पडसाद आला. मग काहीच नाही.

दुसऱ्याच्या जागी शांतता, तिसऱ्याच्या जागी शांतता. आणि मग, ठरल्या वेळी, अगदी नेमके, तिचे चौथा आणि पाचवा.

लोक हसले. “मधले दोन जेवायला गेले वाटतं!” कुणीतरी ओरडलं. पण भात्याने मला ओठांवरून काढून कड्याकडे पाहिलं. दुसरा आणि तिसरा त्या झुकलेल्या शिळेवरून येत असत. ते गेले याचा अर्थ शिळा आता डोंगराची राहिली नव्हती. ती नुसती टेकून उभी होती, आणि तिच्या खाली त्याची बायको बसली होती.

त्याने पुन्हा फुंकलं, जोरात, तिला बोलावण्यासाठी. तिने ऐकलं, श्वास मोजले आणि इमानदारीने दोनदा उत्तर दिलं. त्याने तुटक फुंकलं, वेडंवाकडं फुंकलं. तिला वाटलं असेल, आज गर्दी आहे, खेळ वाढवलाय. दरवेळी तिचे दोन सूर आले, शांत आणि बरोबर वेळेवर. पळ म्हणून सांगायला त्यांनी सूरच ठरवला नव्हता. मी जितका ओरडत होतो, तितकं मी तिला तिथेच बसवून ठेवत होतो.

मग भात्याने माझी फुंकायची नळी मुठीत धरली आणि पिरगळून उपटून काढली. माझ्या गळ्याला चीर गेली ती तेव्हाची. त्या भोकाला तोंड लावून त्याने तिच्या नावाने हाक मारली.

आयुष्यात पहिल्यांदा माझ्यातून माणसाचा शब्द गेला. घरात तो तिला नुसतं ‘अगं’ म्हणत असे. आता तो तिचं नाव घेऊन ओरडत होता, पुन्हा पुन्हा. लोकांना वाटलं हा नवीन खेळ आहे. पोरं तिच्या नावाने ओरडू लागली, मग बायका, मग सगळा कठडा. आणि समोरच्या कड्यात जो एकच पडसाद उरला होता, त्यानेही तिचं नाव घेतलं. डोंगरच तिला बाहेर बोलावत होता.

ती कपारीतून बाहेर आली. कपाळावर आडवा हात धरून कठड्याकडे पाहत राहिली. एवढ्या लोकांनी आपल्याला पाहिलं हे तिच्या लक्षात आलं असावं, कारण ती एकदम वळली. गर्दीत हशा पिकला. “ती बघा पाचवी!” मालकाचा चेहरा पांढराफटक झाला होता, लाजेने की भीतीने ते मला माहीत नाही. ती परत कपारीकडे निघाली. माझा भाऊ आतच राहिला होता आणि हॉटेलची वस्तू हरवली तर काय, एवढंच तिच्या डोक्यात होतं, असं ती नंतर म्हणाली.

“राहू दे तो! पळ! खाली पळ!” भात्याचा आवाज फाटला.

तिने एक पाऊल आत टाकलं होतं. ते तिने मागे घेतलं आणि ती उताराने नावेकडे पळत सुटली.

शिळा पडताना आधी आवाज आलाच नाही. ती फक्त होती तिथे नव्हती. मग आवाज आला, आणि धूळ, आणि तलावाचं पाणी आमच्या बाजूच्या पायऱ्यांवर चढलं. धूळ खाली बसायला वेळ लागला. मग नाव दिसली. नावाडी वल्ही मारत होता आणि ती दोन्ही हातांनी कान दाबून नावेत पालथी पडली होती.

माझा भाऊ खालीच आहे. तोंडात दोन बोळे, आणि वर तो डोंगर.

ती दोघं दरी सोडून खाली या गावात आली. भाता मला घोंगडीत लपेटून घेऊन आला. मालकाने मला मागितलं नाही, फुटका कर्णा कोण मागतो? तिला उजव्या कानाने आता ऐकू येत नाही. भाता मुद्दाम तिच्या डाव्या बाजूला बसतो. काही विनोद केलाच, तर ती हसते, पण थोडी उशिरा.

परवा नावाडी भेटायला आला होता. त्याने सांगितलं, कठड्यावर पुन्हा गर्दी असते. मालकाने समोरच्या उरलेल्या कड्यात भोकं पाडून लाउडस्पीकर बसवलाय. बटण दाबलं की पाच पडसाद येतात, स्वच्छ. सुट्टीच्या दिवशी सहा.

भात्याने विचारलं, “आणि खरा? पहिला? तो येतो का?”

नावाड्याने चहाचा कप खाली ठेवला. “स्पीकरच्या आवाजात कोण ऐकतंय दादा? मी माझी नाव मात्र आता अलीकडच्या काठालाच बांधतो.”

बाईंनी डावा कान पुढे करून विचारलं, “काय म्हणतात ते?” भात्याने काही सांगितलं नाही. उत्तर नसलं की तोही आता गप्प राहतो, दुसऱ्याचं उत्तर देत नाही.

मित्रांनो, तुम्ही कधी त्या दरीत गेलात तर नावेत बसा, धबधब्यात भिजा, भुलभुलैयात हरवा. पण कठड्यावर पोचलात की टाळ्या वाजवण्याआधी ते यंत्र थोडा वेळ बंद करायला सांगा. मोठी माणसं रागावतील, रागावू द्या. मग स्वतःच्या तोंडाने एक हाक मारा आणि थांबा. डोंगराने उत्तर दिलं नाही, तर ते दुसऱ्या कुणाकडून घेऊ नका. आईचा हात धरा आणि तलावाकडे न जाता मागच्या वाटेने खाली उतरा, आणि उतरताना जो कुणी भेटेल त्याला सांगा की डोंगर गप्प झालाय.