हसनियामावशीची पुंगळी

माझा नवरा वेहिद तांबट आहे आणि त्याला ऐकू येत नाही. लढाईत आमच्या दुकानासमोर गोळा फुटला, तेव्हापासून. आधी तो कॉफीची भांडी घडवायचा, आता तोफगोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्यांच्या फुलदाण्या करतो. गोळे खाली सारायेव्होत आमच्या डोक्यावर पडले, पुंगळ्या वर डोंगरात तोफांपाशीच राहिल्या. लढाई संपली तसे लोक वर गेले आणि पोती भरभरून घेऊन आले. पितळ चांगलं आहे, शिवाय आपल्याच नावाने पाठवलेलं आहे, असं वेहिद म्हणतो. मला ते डोळ्यांसमोर नको असतं. पण आमची चूल त्यावरच पेटते, तेव्हा मी गप्प बसते.

पुंगळी हातात आली की तो आधी तिच्या बुडावर अंगठा फिरवतो. तिथे मधोमध एक टोपी असते. तोफेचा खिळा तिच्यावर आपटला की आतली दारू पेटते. अंगठ्याला खिळ्याचा खळगा लागला म्हणजे पुंगळी मेलेली. खळगा नसेल तर ती जिवंत, आणि जिवंत पुंगळी विस्तवावर धरायची नाही. आमच्या गल्लीत हे सगळे पाळतात.

हसनियामावशीच्या पुंगळीचं बूड मात्र दिसतच नव्हतं. या आमच्या शेजारणीने ती दारात छत्र्या ठेवायला उभी केली होती, आणि लाकडी फरशीवर ओरखडे नकोत म्हणून बुडाला जाड लोकरी कापडाची चकती चिकटवली होती. आमच्याकडे फरशीपुढे कुणाचं काही चालत नाही. पाहुण्यांचे बूट दाराबाहेर, आणि तोफेच्या पुंगळीला पायमोजा!

तिचा मुलगा फिक्रेत बेकरीसमोर गोळा लागून गेला. डोंगरावर मावशीला सापडली तेव्हा ही पुंगळी तोफेला अगदी खेटून उभी होती, म्हणजे त्याला लागला तो गोळा हिच्यातलाच, असं मावशीने ठरवून टाकलं होतं. रोज सकाळी ती पुंगळीला मनसोक्त शिव्या घालायची आणि मग छत्री उचलून बाजारात जायची. आता तिला त्या पुंगळीची फुलदाणी हवी होती, फिक्रेतच्या फोटोपुढे ठेवायला. अशा बाईसमोर चकती उपटून बूड तपासणं वेहिदच्या जिवावर आलं. चकती जळून जाईल आपोआप, असं त्याने मला खुणेने सांगितलं. मी मावशीला वरच्या खोलीत कॉफीला नेलं.

साखरेचा खडा कॉफीत बुडवून चघळत मावशी सांगत होती, की डोंगरावरून ती पुंगळी आणताना तिची कंबर मोडली. नुसत्या पुंगळीचं काही नाही, आतल्या पिशव्यांचं ओझं फार होतं.

“कसल्या पिशव्या?” मी विचारलं.

“रेशमी गं, छान शिवलेल्या. आत बारीक काड्यांसारखं काहीतरी. हिवाळाभर चूल पेटवली मी त्यांनी. काडी दाखवायचा अवकाश, की भडका.”

मी कप खाली ठेवला. दारूच्या पिशव्या आत होत्या, म्हणजे ती पुंगळी कधी झाडलीच नव्हती. टोपी जिवंत होती, आणि पितळ मऊ करायला वेहिद खाली ती तापवत होता.

मावशीला जागचं हलू नका म्हटलं आणि मी जिना उतरले. वेहिद माझ्याकडे पाठ करून स्टुलावर बसला होता. सांडशीत धरलेल्या पुंगळीचं तोंड गॅसच्या ज्वाळेत होतं आणि बूड त्याच्या छातीकडे. लोकर करपल्याचा वास येत होता. धग बुडापर्यंत पोचली होती.

त्याला हाक मारायची म्हणजे मी फळ्यांवर पाय आपटते. ते त्याच्या पायांना कळतं आणि तो दचकून सगळाच मागे वळतो. आता तो पुंगळीसकट वळला असता. उचललेला पाय मी हळूच खाली ठेवला. भिंतीच्या कडेकडेने सिलिंडरपर्यंत गेले. चावी घट्ट बसली होती. दोन्ही हातांनी पिळली तेव्हा कुठे ज्वाळा बसली.

वेहिद गॅस कंपनीच्या नावाने पुटपुटला. त्याने पुंगळी समोरच्या विटांवर आडवी ठेवली, बूड तसंच स्टुलाकडे, आणि सिलिंडर बघायला वाकला, तोच मी त्याची कॉलर धरून त्याला गल्लीत ओढलं.

“वेड लागलंय का तुला?” तो ओरडला. त्याला स्वतःचाही आवाज ऐकू येत नाही.

तेवढ्यात आत धडाका झाला. माझे कान बधिर झाले. त्याला काहीच कळलं नाही, फक्त चौकातली कबुतरं एकदम उडालेली दिसली. कबुतरांकडून त्याने माझ्याकडे पाहिलं, मग दुकानाच्या दाराकडे. मी त्याला धरून उभी राहिले. मला त्याचा राग आला होता, इतका की त्याला मारावंसं वाटत होतं, आणि सोडवतही नव्हतं.

मग आठवलं, मावशी वर आहे. आम्ही आत धावलो तर ती जिना उतरून स्टुलाशी उभी होती. स्टुलामागे तांब्याचं मोठं ताट टांगलेलं असतं. बसलेल्या माणसाची छाती येते त्या उंचीवर बुडातल्या टोपीने उडून त्याला आरपार भोक पाडलं होतं. मावशीने त्यात बोट घातलं.

“ही झाडलेलीच नव्हती, मावशी,” वेहिद म्हणाला.

“म्हणजे माझ्या फिक्रेतची ही नव्हेच?”

वेहिदने तिचे ओठ वाचले आणि मान डोलावली.

“उगाच शिव्या घातल्या मी हिला,” ती म्हणाली. बोट अजून भोकातच होतं. मग तिने वळून वेहिदच्या छातीकडे पाहिलं. “नाही. उगाच नाही घातल्या.”

वेहिदने सांडशीने पुंगळी उचलून तिचं बूड पाहिलं. मग विचारलं, आता हिचं काय करू. बुडाला भोक पडलंय, फुलदाणीत पाणी राहायचं नाही.

“मग कुंडी कर. कुंडीला भोक लागतंच. आणि माझ्याकडे पाठवू नकोस. ही तुझी होती, तुझ्याच खिडकीत ठेव.”