बेलभंडाऱ्यावरचं राज्य

या, जरा जवळ सरकून बसा. मोबाईल खिशात घाला. कीर्तनाला अजून अवकाश आहे, तोवर आमच्या खडकमाळच्या पहिल्या राज्याची गोष्ट सांगतो. राज्य कसलं, एका खुर्चीवर सात जणांची लाळ!

कोरोना ओसरत होता, तेव्हा ही वाडी मोठ्या गावातून फुटली. पाणी मिळेना म्हणून फुटली आणि स्वतंत्र ग्रामपंचायत झाली. सात सदस्य निवडून आले, सातही जणांना सरपंच व्हायचं होतं. तिकडं हिवरे बाजारानं पाणी अडवून नाव काढलं. ह्यांनी आधी खुर्ची अडवली. खंडोबापुढं बेलभंडारा उचलून शपथ घेतली, की प्रत्येकानं साडेआठ महिने बसायचं, मग राजीनामा. पहिला नंबर रतनबाईला दिला. साठीची माळकरी बाई; नव्या पंचायतीची किचकट कागदपत्रं तिच्या गळ्यात मारावीत, हा डाव.

रतनबाईनं कागदांचा ढीग उपसला आणि माळावर पाण्याची टाकी मंजूर करून आणली. तिथून पाणी आपसूक घरोघर उतरणार होतं. पायाचे खड्डे झाले, आणि साडेआठ महिने भरले.

त्या दिवशी दुसऱ्या नंबरचा अंगद टाईप केलेला राजीनामा घेऊनच ग्रामसभेत आला. "काकू, सही करा. देवाची आन हाय."

"ध्यानात हाय रं. टाकीचं काय करनार?"

"खाली घिऊ, आमच्या पोल्ट्रीशेजारी. आन वेशीत झकास कमान बांधू, सातीजनांच्या नावाची."

"खालून पानी माळावर चढंल व्हय? का तिथल्या बायांनी कमान प्यायची?"

सभा हसली. अंगद चिडला. "मंग शपथ मोडता? गळ्यात माळ घालून?"

घाव वर्मी बसला. देवापुढं ती कधी खोटं बोलली नव्हती. तिनं समोर पाहिलं. माळावरची बनुबाई रिकामा हंडा मांडीशी घेऊन बसली होती. सभा उठली की तशीच विहिरीवर जाणार होती.

"मोडते," रतनबाई म्हणाली. "गुन्हा माझा, दंड बी माझा. आजपासनं देवळाची पायरी चढनार न्हाई. कीर्तन बाहेर बसून, चपलांपाशी ऐकंन. पन टाकी माळावरच हुईल."

"अविश्वास आनू!" रामहरी ओरडला. त्याचा नंबर शेवटचा, सातवा.

"आना की. माझ्यामागं कोन बसनार, तेवढं आदी ठरवा."

"मीच की," अंगद म्हणाला.

"तू कसा? शपत मोडली, तवा नंबर बी मोडले!" रामहरीला तेवढ्यापुरता धर्म उमगला. झालं! सहा जण तिथंच एकमेकांवर तुटून पडले. बाई सरपंचाला हटवायला सातातली सहा मतं लागतात; ती काही एका जागी पडली नाहीत. सरपंचकीची मुदत सरली तरी त्यांचं भांडण सरलं नाही. असल्यांच्या हाती लोकांनी नवं गाव दिलं होतं. कुत्र्यानं राखलेली खीर तरी बरी!

टाकी माळावरच झाली. बनुबाईच्या दारात नळ आला. पाणी अंगदच्या पोल्ट्रीतही जातं. तेच पिऊन तो बाईला शपथमोडी म्हणतो.

रतनबाईनं मात्र दंड एक दिवस चुकवला नाही. सप्ताह येतो, काला होतो, प्रसाद ती बाहेरच घेते. आत जाऊन देवाकडं मागायचं तिनं सोडलंय. तेव्हा बाबांनो, गाभाऱ्यासमोर हात जोडाल तेव्हा आधी तिचं नाव घ्या, आपलं मागणं नंतर मागा.