सुईचा तिसरा तुकडा

सुई मोडली तेव्हा पंचशीलाला भीती वाटली नाही, आणि सगळा घोळ तिथेच झाला. भीती वेळेवर वाटली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण माणसाची भीतीही ST च्या गाडीसारखीच, हवी तेव्हा येत नाही.

मुखेडच्या बाजारात शिलाई मशीन दुरुस्त करणारे आहेत, नाही असं नाही. पण जुनं काळं मशीन त्यांच्यापुढे ठेवलं की ते एवढंच म्हणतात, भंगारात घाला आणि नवं घ्या. असली मशिनं पंचशीलाच्या घरी येतात. तिच्या पुढच्या खोलीत कायम एखादं मशीन डिझेलच्या घमेल्यात भिजत असतं, कारण रेशनचं रॉकेल आता मिळत नाही. गंजलेला एकेक स्क्रू ती दिवसदिवस तेल पाजून सोडवते. मशीनच्या अंगावरची सोनेरी वेलबुट्टी पुसली जाऊ नये म्हणून कापसाच्या बोळ्याने इतक्या हलक्या हाताने पुसते की बघणाऱ्याला कंटाळा यावा. बारा वर्षं झाली तिला हे करताना. बाजारातला मल्लिनाथ मेकॅनिक अजून म्हणतो, "बायकांचं काम व्हय का हे?" आणि त्याच्या दुकानात बसलेले चार जण हसतात.

तिचे दोन नियम होते. मशीन घरी न्यायच्या आधी मालकिणीने स्वतः बसून, आपल्या घरून आणलेल्या कापडावर पहिली टीप मारायची, म्हणजे मागाहून तक्रार नको. आणि सुई मोडली, तर तिचे सगळे तुकडे सापडेपर्यंत दुसरी सुई लावायची नाही. जुन्या रेडिओतलं गोल लोहचुंबक घेऊन ती तुकडे गोळा करायची, अखंड सुईशेजारी एकाखाली एक मांडायची, आणि लांबी जुळली की मगच पुढे. कपड्यात राहिलेलं टोक कुणाच्या अंगात जाईल याचा नेम नसतो, हे ती दुसऱ्यांना सांगायची.

त्या दिवशी अकराच्या सुमाराला सिंधुअक्का आल्या. त्यांना दिलेलं चाकूरला, माहेर मुखेडचं. त्यांच्या आईचं हाताने फिरवायचं मशीन भावाच्या, सिद्रामप्पाच्या, माळ्यावर वर्षानुवर्षं पडून होतं. ते महिनाभरापूर्वी पंचशीलाकडे दिलेलं. अक्कांच्या लेकीला, सुकन्याला, मुलगी झाली होती आणि त्याच दिवशी चार वाजता चाकूरला बारसं होतं.

"माझ्या आईच्या मशीनवर शिवल्यालं दुपटं, आन् त्यातच नात गुंडाळायची," अक्का म्हणाल्या. मऊ लुगड्याच्या चार घड्या हाताने धावदोरा घालून आणल्या होत्या. बाहेर जीपमध्ये सिद्रामप्पा बसला होता.

अक्का टीप मारायला बसल्या. मशीन असं गुपचूप चाललं की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तीन बाजू झाल्या. चौथ्या कोपऱ्यावर कापडाचा जाड थर आला, अक्कांनी घाईने कापड ओढलं आणि कट्‌कन सुई मोडली. एक तुकडा दांड्यात अडकून राहिला. दुसरा उडून पाटावर पडला. तिसरा, म्हणजे टोकाचा, गव्हाच्या दाण्याएवढा, कुठे गेला ते दिसलं नाही.

पंचशीलाने लोहचुंबक पाटावरून फिरवलं, जमिनीवरून फिरवलं. बॉबिन काढून पाहिली. बाहेर हॉर्न वाजला. "अक्का, अहमदपुरात फुलं घ्यायचीत, चला की!" सिद्रामप्पा ओरडला. परत हॉर्न. आणि बारा वर्षांत जे केलं नव्हतं ते पंचशीलाने केलं. "पडलं असल हितंच कुठं," असं म्हणून नवी सुई लावली, कोपरा पुरा करून दिला, दुपट्याची घडी घातली. मशीन जीपमध्ये ठेवून अक्का गेल्या.

मग ती शांतपणे शोधायला बसली. चटई झटकली. पाट उभा केला. लोहचुंबकाला लोखंडाचा कीस चिकटला, एक जुनी टाचणी चिकटली, टोक नाही. स्वतःची साडी झटकली. चटई परत झटकली. आणि मग तिला आठवलं, सुई मोडली तेव्हा तो कोपरा मशीनच्या पायाखालीच दाबलेला होता आणि तिनेच तो ओढून, दुमडून, नव्याने शिवला होता. टोक त्या चार थरांत असेल तर तिने स्वतःच्या हाताने ते आत शिवून टाकलं होतं. तिच्या तोंडचं पाणी पळालं. बारा दिवसांचं लेकरू. त्याची कातडी ती केवढी असते.

तिने अक्कांना फोन लावला आणि लागलासुद्धा. आता एक शब्द बोलायचा होता, सुई. तेवढा बोलली असती तर जीप तिथेच थांबली असती. पण घंटी वाजत होती तेवढ्यात तिच्या डोळ्यांपुढे मल्लिनाथचं दुकान आलं आणि हसणारे ते चार जण आले. मुखेडच्या बाईने लेकराच्या दुपट्यात सुई शिवली, हे अहमदपूरपर्यंत पोचायला एक दिवस पुरला असता. माणूस भ्यायला की आधी स्वतःचंच बघतो. पंचशीला काही वेगळ्या मातीची नव्हती.

"अक्का, त्या दुपट्याची एक टीप कच्ची ऱ्हायली," ती म्हणाली. "लेकराला घालू नका. मी यिऊन करून देते."

"अगं बाई! एका टिपंसाठी चाकूरला यिऊन राहिल्या व्हय तुम्ही? असू द्या की ओ."

"न्हाई, न्हाई, घालू नका तेवढं..."

"बरं, बरं. आवाज कट व्हायलाय बघा," आणि फोन बंद झाला.

तिने परत लावला. परत लावला. फोन बंद आहे, असं फोनमधली बाई शांतपणे सांगत राहिली. सिद्रामप्पाचा नंबर तिच्याकडे नव्हता. पंचशीलाने सुईचे सापडलेले दोन तुकडे आणि एक अखंड सुई कागदात गुंडाळून पिशवीत टाकली, लोहचुंबक घेतलं, दाराला कुलूप लावलं आणि स्टँडकडे अक्षरशः पळत सुटली.

गाडी मिळाली ती अहमदपूरची. खिडकीजवळ बसल्यावर तिला नको नको ते दिसू लागलं. दुपट्यात गुंडाळलेलं लेकरू, त्याला छातीशी दाबणारी आजी. बारशाला तर बायका लेकराला पाळण्याच्या वरून आणि खालून एकमेकींच्या हातात देतात. किती हात! प्रत्येक हात आवळून धरणार, पडू नये म्हणून. जेवढी माया जास्त तेवढं ते टोक आत जाणार. लेकरू रडेल तर बायका म्हणतील, भूक लागली, नजर लागली, मीठमोहऱ्या आणा. आणि सुई अंगात शिरली की हिंडते, काळजापर्यंत जाते, असं तिने लहानपणी ऐकलं होतं. खरं का खोटं, कोण जाणे. पण त्या गाडीत ते तिला शंभर टक्के खरं वाटलं.

पुढच्या बाकावर एका बाईचं पोर रडायला लागलं तेव्हा पंचशीलाला राहवेना. तिने मोबाइल तोंडाशी धरला आणि एका दमात बोलून टाकलं, "अक्का, मी खोटं बोलले. टीप कच्ची न्हाई. त्यात सुईचं टोक हाय. पाया पडते, लेकराला लावू नका." पाठवला निरोप. एकच राखाडी टिक आली आणि एकच राहिली. खरं बोलायला धीर आला तेव्हा ऐकायला पलीकडे कुणी नव्हतं. दर दोन मिनिटांनी ती मोबाइल बघत होती, शेजारचा म्हातारा तिच्याकडे बघत होता.

अहमदपूरला चाकूरची गाडी लागायला चाळीस मिनिटं लागली. तेवढ्यात तिने तीनदा चौकशी खिडकीवर विचारलं, तिसऱ्यांदा तो माणूस खेकसला. चाकूरला उतरली तेव्हा पावणेचार झाले होते. बारशाचा मांडव शोधायला वेळ लागला नाही, भोंगा वाजतच होता.

मांडवात बायकांची दाटी होती. त्यांतून वाट काढत ती पाळण्यापाशी गेली. सुकन्या मांडीवर लेकरू घेऊन बसली होती आणि लेकरू दुकानातल्या गुलाबी गुबगुबीत चादरीत गाढ झोपलं होतं. लुगड्याचं दुपटं कुठेच नव्हतं. पंचशीलाने इतक्या जोराने श्वास सोडला की सुकन्याने मान वर केली. सुटले मी, असं तिला वाटलं.

"आल्याच का ओ तुम्ही!" सिंधुअक्का हसत पुढे आल्या. "फोनची बॅटरी गेली बघा माझ्या. कशाला एवढा तरास घेतला?"

"दुपटं कुठं हाय अक्का?"

"ते व्हय? सुकन्याच्या सासूबाई म्हणल्या, कच्ची टीप म्हंजी खंडित वस्तू, बारशाला नगं. मग आमच्याकडं भांडे घासती ती विशाखा, तिला देऊन टाकलं जेवणं झाल्यावर. तिचंबी दोन महिन्याचं लेकरू हाय. एक टाका घालून घेईल म्हणलं, नवं कोरं हाय."

खंडित. कच्ची टीप. यातली कच्ची टीप पंचशीलाच्याच तोंडची होती. आणि वस्तू खंडित झाली की ती कुणाच्या घरी जाते, हे तिच्याएवढं कुणाला माहीत असणार? लहानपणी तिच्या अंगावर असले कितीतरी कपडे आले होते.

"अक्का, त्यात सुईचं टोक हाय," ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली. "मोडलेल्या सुईचं. मी सकाळी फोनवर खोटं बोलले."

आजूबाजूच्या बायका वळून बघायला लागल्या. सुकन्याने लेकरू घट्ट धरलं. अक्कांचा हात तोंडावर गेला. "अगं बाई... विशाखाजवळ तर फोनबी न्हाई. चला, मी येते," असं म्हणून त्या निघाल्याही. पण मागून सुकन्याच्या सासूबाईंचा आवाज आला, "मुहूर्त टळून राहिलाय, आजीच निघाली तर वटी कोण भरायचं?" अक्का घुटमळल्या. पंचशीला थांबली नाही. पाण्याच्या टाकीच्या मागे, पत्र्याचं तिसरं घर, एवढं अक्कांनी ओरडून सांगितलेलं ऐकत ती पळाली.

टाकी ओलांडली आणि लेकराचं रडणं ऐकू आलं. भुकेचं रडणं वेगळं असतं. हे मध्येच श्वास अडकून परत किंचाळणारं होतं.

दार उघडंच होतं. विशाखा, वीस-बावीस वर्षांची, छताला बांधलेली झोळी जोरजोरात हलवत होती. झोळीच्या तळाशी लुगड्याचं दुपटं दुमडून अंथरलेलं. भिंतीवर पंचशीलाच्या घरात होते तेच दोन फोटो, एक पिंपळाखाली बसलेला, एक निळ्या कोटातला.

"झोळी थांबव! लेकरू उचल आधी!"

विशाखाने घाबरून लेकरू उचललं. "अर्ध्या तासापासनं रडून राहिलंय. पोट दुखत असल म्हणून हिंग लावला. तुम्ही कोण ताई?"

पंचशीलाने उत्तर न देता लेकराचं झबलं वर केलं. खांद्याच्या खाली एक लाल ओरखडा होता आणि त्याच्या टोकाला रक्ताचा सुकलेला ठिपका. ओरखडाच आहे, का टोक आत गेलंय? बोटाने चाचपायची हिंमत होईना. तिने दुपटं जमिनीवर पसरलं आणि लोहचुंबक काठावरून सरकवायला लागली. पहिला कोपरा, काही नाही. दुसरा. तिसरा. लेकरू रडतच होतं. विशाखा काही विचारत होती, तिला ऐकू येत नव्हतं. चौथ्या कोपऱ्यावर कापड आपोआप चुंबकाकडे उचललं गेलं. तिने दातांनी टीप उसवली आणि टोक चुंबकाला येऊन चिकटलं.

तरी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्याचाच एखादा कण तुटून आत राहिला असेल तर? तिने कागद उलगडला, अखंड सुई ठेवली, शेजारी तीन तुकडे एकाखाली एक मांडले. घाईत दोनदा विस्कटले. तिसऱ्यांदा जुळले. पूर्ण लांबी. लेकराच्या अंगात काही राहिलं नव्हतं.

"सुई होती दुपट्यात," ती म्हणाली. "आता न्हाई. तरी डॉक्टरला दाखवून आणू, आत्ताच."

विशाखाला सगळं कळायला क्षणभर लागला. मग लेकरू खांद्यावर घेऊन ती एकदम तिच्या पायांशी वाकली. "लई उपकार झाले ताई. माझ्या लेकरासाठी मुखेडाहून धावत आल्या तुम्ही. कोण करतंय ओ एवढं?"

दिवसभर जे नाव जाईल म्हणून पंचशीला भ्याली होती, ते इथे कुणी न मागता देत होतं. गप्प बसली असती तर ते तिचंच होतं. ते तिला सोसवेना. तिने विशाखाचे हात धरून तिला उठवलं.

"मी तुझ्या लेकरासाठी न्हाई आले," ती म्हणाली. "मला तुझं लेकरू म्हाईतच नव्हतं. मी त्या घरच्या लेकरासाठी आले. ते दुसऱ्या चादरीत दिसलं तवा मला वाटलं, सुटले मी. सकाळी खरं बोलले असते तर हे दुपटं तुझ्या घरी आलंच नसतं. माझं नाव खराब व्हईल म्हणून भ्याले मी."

विशाखाने तिच्या हातातून आपले हात काढून घेतले. लेकराच्या पाठीवर पदर ओढला.

"मांडवात सांगितलं का हे?" तिने विचारलं.

"सांगितलं. समद्यांसमोर."

विशाखाने तिच्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं. मांडवातून कुणी मागोमाग आलं नव्हतं, गल्लीत कुणीच नव्हतं. टाकीपलीकडे भोंग्यावर पाळणा म्हणायला सुरुवात झाली होती.

"बसा ताई, पाणी देते, मग जाऊ दवाखान्याला," ती म्हणाली आणि माठाकडे गेली. पाणी तिने एका हाताने काढलं, पेला एका हाताने पुढे केला. लेकरू मात्र तिने खांद्यावरून खाली ठेवलं नाही.