आत राखलेलं कापड

"मास्तर, फ्रॉक जरा वाढवून द्या. उद्या शाळेत आमची पोर कविता म्हणणार आहे, आणि हा गुडघ्याच्या वर गेलाय," मुलीला घेऊन आलेली आई म्हणाली.

शिंप्याच्या दुकानातल्या धाकट्या मास्तरांनी फ्रॉक उलटा केला आणि ते ओशाळले. आत दुमडलेलं कापड बोटभरही नव्हतं. कापणारे तेच! वडील गेल्यापासून शिवणीत जादा कापड राखायचं त्यांनी बंद केलं होतं. कपडा लवकर आखूड झाला की गिऱ्हाईक लवकर परत येतं, ही त्यांची हुशारी.

"हा नाही वाढायचा, ताई. नवाच शिवून घ्या."

मुलीनं फ्रॉक छातीशी धरला. "मला हाच हवा. याला खिसे आहेत."

कोपऱ्यात काजं करणाऱ्या मावशींचा हात थांबला. थोरल्या मास्तरांच्या काळापासून त्या इथेच होत्या.

"तुझ्या बाबांच्या वेळी दिवसभर हेच कानावर पडायचं," त्या म्हणाल्या. "बाही वाढवा, कंबर वाढवा, रेडिओचा आवाज वाढवा. कुणी भांडायला लागलं की ते म्हणायचे, विषय वाढवू नका, चहा घ्या. तू मात्र एकच वाढवतोयस, धंदा!"

"काळ बदललाय, मावशी."

"म्हणून पोरं वाढायची थांबली का?"

त्यांनी आपल्या सुईदोऱ्याच्या डब्याच्या तळातून जपून ठेवलेला एक विटका सदरा काढला. धाकट्या मास्तरांचाच, शाळेतला. बाहीवर जुन्या दुमडींच्या तीन रेघा होत्या, तीन वर्षांच्या.

मास्तरांना सगळं आठवलं. लहानपणी ते या टेबलावर उभे असायचे, बाबा ओठांत टाचण्या धरून पुटपुटायचे, "हलू नकोस, जिराफा!" नवा सदरा मिळाला नाही याचं कधी वाईटच वाटलं नव्हतं. कारण दुमड सोडताना बाबा दरवेळी कौतुकानं म्हणायचे, "बघ, किती वाढलास!" आणि आपण या पोरीला काय सांगितलं? नवाच शिवून घ्या!

त्यांचे डोळे भरून आले. फळीवरून शोभेलसं कापड काढून त्यांनी फ्रॉकला खाली रुंद पट्टी जोडली आणि आत चांगली चार बोटं दुमडून ठेवली. मुलीनं फ्रॉक घालून दोन्ही हात खिशात घातले.

"बघ, किती वाढलीस!" मास्तरांच्या तोंडून निघून गेलं.

मुलगी खुदकन हसली. मावशींनी मान खाली घालून पुन्हा सुई चालवायला घेतली.

वाचकहो, आपलं ते वाढवायला आपण सगळेच टपलेले असतो. पण आपल्यामागून येणाऱ्यांनाही वाढायचं आहे. त्यांच्यासाठी चार बोटं जागा राखून कापायला शिकू या!