दुर्गाच्या नावापुढची हजेरी

“शोभाच्या नावावर बसवता, बसवा ताई. पन माझं नाव दुसरीला देऊ नका बरं,” दुर्गा टेबलाच्या कडेला हात टेकवून म्हणाली.

हजेरीपत्रकावर रेघा आखता आखता रजनीने मानही वर केली नाही.

“मग काय पेटीत जपून ठेवू तुझं नाव?”

रांगेतल्या बाया हसल्या. दुर्गाही हसली, पण हात तिथून हलला नाही.

“उद्या काही झालं तर मी कोन म्हनून उभी राहू?”

“चल, अंगठा उठव.”

सायली गावातल्या त्या सूतकारखान्यात सात महिने झाले की बाईला काढत आणि आठवड्याभरात दुसऱ्या नावाने परत घेत. त्यामुळे कायम कुणालाच करावं लागत नसे. शोभा बाळंतपणाला शहाद्याला गेली, तिच्या नावावर सात महिने भरलेली दुर्गा परत आली. नावं लिहायचं काम रजनीचं. बी.ए. झालेली, अक्षर सुबक. तिलाही सात-सात महिन्यांचंच पत्र मिळे. नवरा भास्कर शाळेत हंगामी. दोन वर्षांच्या स्नेहलला टोकरखाड्यात शेजारच्या तानूबाईंकडे ठेवून ती कामावर यायची आणि लेकीचा दमा दिवसभर रजनीच्या कानात वाजत राहायचा.

महिन्याने धुळ्याकडची एक पोरगी टेबलापुढे उभी राहिली. नव्या नावाला फोटो लागे, दाखला लागे. जुन्या नावाचे कागद तयार असत. रजनीचं पेन जरा थांबलं. मग तिने लिहिलं : दुर्गा.

एक्याण्णवच्या मार्चात सूत पिळायच्या मशीनमध्ये दुर्गाचा उजवा हात गेला. दोन बोटं काढावी लागली. दवाखान्यात तिने आपलं खरं नाव सांगितलं.

तीन आठवड्यांनी कामगार खात्याचा माणूस तिचा अर्ज घेऊन आला. त्याने पत्रकाची पानं उलटली.

“अपघात बारा तारखेचा म्हणते ही. तेराला दुर्गा हजर आहे. चौदालाही. कालसुद्धा.” त्याने रजनीकडे बघितलं. “अक्षर तुमचंच ना, बाई?”

“हो.”

“बोटं तुटलेली बाई दुसऱ्या दिवशी आठ तास मशीनवर?”

मॅनेजर गजाननराव दारात उभे होते. “साहेब, भरपाई म्हटलं की या बाया काय वाट्टेल ते सांगतात.”

बाहेर बाकावर दुर्गा बसली होती, हात पदरात गुंडाळून. खिडकीतून तिची फक्त पाठ दिसत होती. रजनीने पर्सची चेन उघडली. आत स्नेहलच्या औषधाची चिठ्ठी होती. तिने चेन पुन्हा लावली.

“पत्रकात आहे तसंच,” ती म्हणाली.

वर्षअखेरचा सरकारी तक्ताही तिनेच भरला. उत्पादनावरचे कामगार : मागल्या वर्षी एकशे एकवीस, यंदा एकशे अडतीस. गजाननराव खांद्यावरून वाकून बघत होते.

“बघा, कशी माणसं वाढतायत.”

त्या रविवारी स्नेहलला कडेवर घेऊन रजनी सायलीतल्या चाळीत दुर्गाच्या खोलीवर गेली. दार धुळ्याच्या पोरीने उघडलं.

“दुर्गा?”

“मीच की,” पोरगी हसली. “तुम्हीच तर लिहिलं, ताई.”

“आधीची कुठंय?”

“गेली. शहाद्याकडं म्हनतात. तिची खोली आता मला दिली.”

“तुझं खरं नाव काय गं?”

पोरीने आधी गल्लीत दोन्हीकडे बघितलं.

“रोशनी.”

सोमवारी रजनीने कामगार खात्याला सगळं लिहून कळवलं, खाली सही केली. आठवड्याभरात तिची नोकरी गेली. उत्तर यायला पाच महिने लागले : अर्जदार दिलेल्या पत्त्यावर मिळून आली नाही, सबब प्रकरण बंद करण्यात येत आहे.

तेव्हापासून त्या बाजूला जाणारं कुणीही भेटलं की रजनी त्याला थांबवते. तुम्हीही कधी शहाद्याकडे गेलात, तर दुर्गा म्हणून विचारू नका. तिथे कदाचित तिला वेगळ्याच नावाने कामावर घेतलं असेल. पस्तिशीची, सावळी, उजव्या हाताला दोन बोटं कमी. भाकरी तिला स्वतःला थापता येते का, की कुणी करून घालतं, एवढं मात्र बघून या.