अठ्ठावन्नावर अडलेला काटा

मी एक जुना तापमापक आहे, मित्रांनो. तुमच्या जिभेखाली ठेवतात तो नव्हे. बालाघाटजवळच्या एका सबस्टेशनात, मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या अंगावर मी बारा वर्षं टांगलेला होतो. गोल चेहरा, वर काच, आत एक काटा. माझी बारीक तांब्याची नळी ट्रान्सफॉर्मरच्या पोटातल्या तेलापर्यंत जायची. तेल तापलं की काटा चढायचा. पासष्टला मी पंखे सुरू करायचो, पंच्याऐंशीला भोंगा वाजवायचो. दर तासाला कोणीतरी यावं, माझा आकडा पाहावा आणि रजिस्टरात लिहावा, असा नियम होता.

नियम एक, पण माणसं दोन. राजेगावचा पुनाराम भर उन्हात छत्री घेऊन यायचा, कपाळावरचा चष्मा खाली ओढायचा, आकडा दोनदा पुटपुटायचा. महेंद्र यायचाच नाही. कूलरसमोर बसून तो माझा ताप अंदाजानं लिहायचा. सकाळी पन्नास, दुपारी एकोणसत्तर, संध्याकाळी त्रेसष्ट. अंदाज इतका सुरेख, की मलाच वाटावं आपण तेवढेच असू.

यंदाच्या एप्रिलमध्ये साहेब येणार म्हणून रंगकाम निघालं. रंगाऱ्यानं शिडी माझ्या नळीवर टेकवली. नळी चेपली. त्यानं वरून रुपेरी रंग फासला. मी अठ्ठावन्नावर अडलो, आणि नव्यासारखा चमकू लागलो.

आता लाजेची गोष्ट. आधी उन्हाळ्यात माझा भोंगा वाजला की सगळे मला शिव्या द्यायचे. यंदा भोंगा नाही. "शहाना झाला बापा हा," महेंद्र म्हणायचा, "आता कटकट नाही याची." आत तेल तापत होतं, पंखे मुके उभे होते, आणि मला बरं वाटत होतं.

मे संपता संपता साहेब आले. त्यांनी रजिस्टर उघडलं. महेंद्रच्या पानांवर मान डोलावली. पुनारामच्या पानांवर मात्र बोट आपटलं. अठ्ठावन्न, अठ्ठावन्न, अठ्ठावन्न.

"घर बैठके भरा है क्या? मई में दिनभर अठ्ठावन?"

"नाही साहेब. दर घंट्याले गेलतो. दिसलं तेच लिवलं."

"महेंद्र से कुछ सीखो!"

साहेबांनी सस्पेंशनचा कागद मागवला. पुनारामच्या नोकरीचे आठ महिने उरले होते. तो बाहेर आला, माझ्यासमोर उभा राहिला. "तू तरी सांग ना बा," म्हणाला.

मी अठ्ठावन्न म्हणालो.

त्याला बोलवायला ज्युनियर इंजिनिअर पुष्पलता मॅडम आल्या. त्यांचा हात सहज ट्रान्सफॉर्मरला लागला आणि झटकन मागे आला. "पुनारामभाऊ, हे अठ्ठावन्न नाही! हात भाजला माहा." त्यांनी आपलं तापमान मोजायचं यंत्र आणून लावलं. त्र्याऐंशी! मग माझ्या काचेवर टिचकी मारली. काटा हलला नाही. नळीवरून बोट फिरवलं, तर रंगाखाली खड्डा.

आधी त्यांनी पंखे हातानं चालू केले, लोड कमी करवला. मग रजिस्टर साहेबांसमोर ठेवलं. "काटा एप्रिलच्या रंगकामापासून अडकला आहे, साहेब. मग महेंद्रभाऊले एकोणसत्तर कुठं दिसलं?"

"नजर चुकली असन, मॅडम," महेंद्र म्हणाला.

"दीड महिना?"

साहेबांनी कागद घडी करून खिशात घातला. पुनारामची माफी कोणी मागितली नाही. त्याला चहा मात्र दोनदा मिळाला. नंतर मॅडमनी त्यालाही सोडलं नाही. "एकच आकडा रोज दिसून राह्यला, तर तुमी काहून नाही बोलले?"

"मले वाटलं, मशीन कायले खोटं बोलन?"

ते ऐकून मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पण मी चार बोल्टांवर घट्ट होतो.

आता मी स्टोअरच्या खिडकीत पडून आहे. मित्रांनो, कोणी रोज तेच शांत उत्तर देत असेल, तर त्याला लगेच शाबासकी देऊ नका. काचेवर एक टिचकी मारा. आणि आमच्या नळीवर शिडी टेकवू नका.

काल पुनाराम आला होता. त्यानं गमछ्यानं माझी काच पुसली. एवढी माया मला सोसवेना. शरमेनं मी तापलो असणार. काटा मात्र अठ्ठावन्नावरच होता.